सालदार पंडित आणि लाखोरीचे विष

कोहमाऱ्याच्या चौकात घटकाभर उभे राहिले, तर पाहणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरते ती मालमोटारींची रांग. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ता येथून जातो. एका बाजूस गोंदियाचा फाटा, दुसऱ्या बाजूस नवेगावबांधाचा. प्रवासी चहा घेतो, टायर तपासतो आणि पुढे जातो. रस्ता सोडून अर्धा कोस आत जाण्याचे त्याला कारण नसते. पण माघ महिन्यात कोणी तसा आत गेलाच, तर धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांतून त्याला निळ्या फुलांचे एक ठेंगणे पीक पसरलेले दिसेल. त्यासाठी कोणी नांगर धरलेला नसतो, पाणी दिलेले नसते. धान उभे असतानाच ओलीत बी फेकून दिलेले असते आणि धानाची कापणी झाली की ते आपले आपण वर येते. यालाच आपल्याकडे उतेऱ्याचे पीक म्हणतात, आणि ते पीक म्हणजे लाखोरी. कोणी लाख म्हणतात, कोणी लाखोळी. छत्तीसगडात तिवरा, उत्तरेकडे खेसारी.

या लाखोरीचा आणि माणसाच्या मेंदूविषयीच्या शास्त्राचा काय संबंध, असा प्रश्न आमच्या श्रोत्यांपैकी कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपण समजतो त्याहून पुष्कळ जवळचा आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मज्जापेशी एकमेकींशी कशा बोलतात आणि कोणत्या कारणाने मरतात, याविषयी जे ज्ञान मिळाले, त्याच्या वाटेवर ही गरिबाची डाळ दोनतीनदा तरी आडवी आलेली आहे. हा इतिहास ज्यांनी घडविला त्यांत नामांकित प्राध्यापक होते, हे खरेच; परंतु पुष्कळसे काम ज्यांच्या हातून झाले ते लोक निराळे होते. त्यांची नावे शोधनिबंधाच्या मथळ्याखाली बारीक टाइपात छापलेली असतात आणि पुढे 'इत्यादी' या शब्दात बुडून जातात. आज त्यांच्याविषयी थोडे बोलावयाचे आहे.

आपल्या विदर्भात गुढीपाडव्याला सालदार ठरतो. वर्षाचे धान्य किती, रोख किती, हे बोलून घ्यावयाचे आणि वर्षभर राबावयाचे. पुढच्या पाडव्याला मालकाने ठेवले तर राहावयाचे, नाही तर दुसरे घर पाहावयाचे. विद्येच्या क्षेत्रातही असाच एक सालदार असतो, हे पुष्कळांच्या गावी नसते. त्याला 'पोस्टडॉक' म्हणतात. त्याची पीएच.डी. झालेली असते, म्हणजे तो विद्यार्थी उरलेला नसतो. पण त्याला कायमची जागा मिळालेली नसते, म्हणजे तो प्राध्यापकही नसतो. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्याच्या नावे आलेल्या अनुदानावर, एक, दोन किंवा तीन वर्षांच्या बोलीने तो काम करतो. वय बहुधा तिशीच्या आगेमागे. लग्न झालेले असते किंवा लांबणीवर टाकलेले असते. एखाद्या विद्यापीठाच्या मज्जाशास्त्र-विभागात गेलात तर दारांवरील पाट्या प्राध्यापकांच्या दिसतील. रात्री अकरा वाजता जो दिवा जळत असतो तो मात्र बहुधा या सालदार पंडिताच्या टेबलावरचा असतो.

ही पद्धत फार जुनी नव्हे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९१९ साली रॉकफेलर यांच्या पैशातून पदार्थविज्ञान व रसायन या विषयांत डॉक्टरेट मिळविलेल्या तरुणांना शिष्यवृत्त्या देण्यास आरंभ केला, तेव्हापासून तिला घडीव रूप आले. हेतू असा की, तरुणाने शिकविण्याच्या ओझ्याखाली दबून जाण्यापूर्वी दोन वर्षे मोकळेपणाने संशोधन करावे. मोकळेपणाचा काळ म्हणून जे निघाले, ते पुढे पुष्कळांच्या बाबतीत टांगणीचा काळ झाले, हा भाग वेगळा.

आमच्या देशातील एक मोठे उदाहरण येथे द्यावयास हवे. डॉ. बाळकृष्ण आनंद हे दिल्लीचे शरीरशास्त्रज्ञ रॉकफेलर शिष्यवृत्तीवर अमेरिकेत येल विद्यापीठात गेले. ते तेव्हा कोवळे उमेदवार नव्हते, शिक्षक होते. तरी परक्या प्रयोगशाळेत पाहुणे म्हणून राबण्याचा प्रकार तोच. १९५१ साली ब्रोबेक यांच्यासह त्यांनी दाखवून दिले की, उंदराच्या मेंदूत तळाशी एक इवलासा भाग आहे. तो दोन्ही बाजूंनी निकामी केला तर उंदीर समोर अन्न असूनही खात नाही आणि उपाशी मरतो. मेंदूतील भुकेचे ठाणे सापडले. आनंद परत आले आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यांनी शरीरशास्त्राचा विभाग उभा केला. येलमध्ये भुकेचे ठाणे उंदराच्या डोक्यात शोधले जात होते, त्या दिवसांत आपल्या मध्य भारतात भुकेपायी माणसे काय खात होती आणि त्याचा परिणाम काय होत होता, ते आता पाहू.

लाखोरी हे दुष्काळाचे पीक आहे. पाऊस जास्त झाला तरी ती तग धरते, झाला नाही तरी तग धरते. गहू-हरभरा गेला तरी ही उरते. डाळ म्हणून तिच्यात प्रथिने भरपूर आहेत, आणि थोड्या प्रमाणात, इतर अन्नासोबत खाल्ली तर ती बाधत नाही. संकट येते ते दुसरे काही खावयास नसते तेव्हा. दोनतीन महिने लागोपाठ पोटात मुख्यतः लाखोरीच जात राहिली म्हणजे काहींचे पाय अचानक ताठरतात. गुडघे एकमेकांना घासतात, टाचा उचलल्या जातात, चाल कात्रीसारखी होते. हाताला काही नसते, बुद्धीला काही नसते. पण गेलेले पाय परत येत नाहीत. डॉक्टर लोकांनी या रोग्यांच्या पायऱ्या पाडल्या आहेत त्या ऐकण्यासारख्या आहेत: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी रांगणारा.

ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ज्याचे नाव आपणांस ठाऊक आहे, त्या स्लीमनने १८४४ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात सागरकडच्या मुलखातील एका गावाची हकीकत दिली आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला, १८३० साली पाऊस वेळेवर पडला नाही, १८३१ साली तांबेऱ्याने पीक खाल्ले. तिन्ही वर्षे लाखोरी मात्र माजली. लोकांनी तीच खाल्ली. १८३३ साली तिशीच्या आतील तरुणांचे पाय जाऊ लागले, आणि दोन वर्षांत गावातील जवळजवळ निम्मी तरुण पिढी पंगू झाली. पुढे अलाहाबाद जिल्ह्यात आयर्व्हिंग नावाच्या डॉक्टराने १८५९ पासून असेच रोगी मोजले. इटालीतील कान्तानी याने १८७३ साली रोगाला 'लॅथिरिझम' असे नाव दिले. १८९६ ते १९०२ या दुष्काळी वर्षांत मध्यप्रांतात या रोगाची जी साथ आली, तिच्यावर ब्यूकॅनन या अधिकाऱ्याचा स्वतंत्र अहवाल आहे. आपला हा मुलूख तेव्हा त्याच मध्यप्रांतात, भंडारा जिल्ह्यात मोडत होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली.

हा रोग कोणाला होई? जमीनदाराला नव्हे. रीवा आणि सतना या भागांत वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून लाखोरीच मोजून देत. म्हणजे जो वर्षाच्या बोलीवर राबतो त्याच्याच पदरात विष पडे, आणि पाय गेले की बोलीही संपे. जगात इतरत्रही हीच कथा आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या अखेरीस, रुमानियाच्या ताब्यातील वाप्निआर्का येथील छावणीत यहुदी कैद्यांना रोज सुमारे चारशे ग्रॅम लाखोरी खावयास घातली. काही आठवड्यांत त्यांचे पाय लुळे पडू लागले. त्यांच्यातलेच एक बंदिवान डॉक्टर आर्थर केसलर यांनी रोग ओळखला आणि ते अन्न न घेण्याविषयी आपल्या लोकांना सांगितले. उपाशी माणसाला अन्न नाकारण्यास सांगणे म्हणजे काय, याची कल्पना आपण भरल्या पोटी करू शकणार नाही.

आमच्या घरी आजी लाखोरी शिजवी तेव्हा पहिले पाणी उकळून बांधावर ओतून देई. विचारले तर म्हणे, "पयलं पानी फेकाचं असते." का, ते तिला सांगता येत नसे. विष पाण्यात विरघळते, ही गोष्ट शास्त्राला कळण्यापूर्वीच तिच्या हातांना ठाऊक होती. परंतु दुष्काळात जळण नसते, पाणी नसते आणि सत्त्व फेकून देण्याची छाती नसते. तेथे आजीचे ज्ञान उपयोगी पडत नाही.

ते विष कोणते, हा प्रश्न शंभर वर्षे सुटला नाही. वाटा चुकल्या त्याही मोठ्या मौजेच्या आहेत. युरोप-अमेरिकेत बागेतल्या शोभेच्या वाटाण्याचे बी उंदरांना चारून पाहिले. उंदरांची हाडे वाकली. १९५४ साली हाडे वाकविणारे द्रव्य सापडलेही. सर्वांना वाटले, हेच ते. परंतु आपल्या रोग्यांची हाडे सरळ होती, बिघडले होते ते मज्जारज्जूत. काही इंग्रज संशोधकांनी १९२५ साली लाखोरीला निर्दोष सोडून तिच्यात मिसळून येणाऱ्या एका तणावर आळ घेतला. १९६२ साली अमेरिकेत शार्लोट रेसलर यांनी त्या तणातून एक मज्जाविषारी द्रव्य वेगळे काढल्यावर तर त्या आळाला पुष्टीच मिळाली. आरोपी दोन, पुरावे दोन, आणि खरा गुन्हेगार बांधीत निळ्या फुलांनी डोलत होता.

१९६४ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी रीवा जिल्ह्यात द्विवेदी आणि प्रसाद यांनी गावोगाव फिरून केलेली रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक सरमा यांच्या जीव-रसायन विभागात राव आणि अडिगा या तरुण संशोधकांनी लाखोरीच्या बियांतून ते विष शुद्ध रूपात वेगळे केले आणि त्याची रचना ठरविली. दिल्लीत मूर्ती, शेषाद्री व वेंकटसुब्रमणियन हेही स्वतंत्रपणे तेथेच येऊन पोचले होते. द्रव्याचे नाव लांबलचक आहे. शास्त्रज्ञांनीच ते कंटाळून 'ओडॅप' असे तोडून घेतले आहे, आपणही तेवढेच घेऊ. राव यांनी त्याची परीक्षा केली ती एका दिवसाच्या कोंबडीच्या पिलांवर. मोठ्या प्राण्यात रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी असते. ती भलत्या पदार्थाला आत शिरू देत नाही. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिलात ही गाळणी कच्ची असते. ओडॅप टोचताच पिलांच्या माना मागे वळल्या आणि त्यांना झटके आले. ज्या उंदरांनी शंभर वर्षे दाद दिली नव्हती, त्यांच्याऐवजी हे पिलू निवडणे हीच त्या कामातली खरी बुद्धी, असे आम्हांस वाटते.

विष सापडले, पण ते मज्जापेशीचे नेमके करते काय? या प्रश्नाचे उत्तर बंगलोरात नव्हते. ते एका वेगळ्याच टोकाकडून, ऑस्ट्रेलियातून येत होते, आणि येथे आमचा सालदार पंडित पुरता रंगमंचावर येतो.

जेफ्री वॉटकिन्स हा १९२९ साली पर्थ येथे जन्मलेला मनुष्य व्यवसायाने रसायनज्ञ. केंब्रिजला त्याने डॉक्टरेट मिळविली, नंतर तेथेच आणि पुढे येलमध्ये उमेदवारी केली. मेंदूत घालमेल करणारी रसायने कोणती, याची त्याला ओढ लागली. कॅनबेरा येथे ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत जॉन एकल्स यांचा शरीरशास्त्र-विभाग तेव्हा जगात गाजत होता. मज्जापेशींच्या विद्युत् व्यवहाराचे सूक्ष्म मापन तेथे चाले, आणि त्याच कामाबद्दल एकल्स यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. 'न्यूरोसायन्स' हे नाव विभागांच्या पाट्यांवर यावयाला अजून अवकाश होता. हार्वर्डमध्ये कुफलर यांचा मज्जाजीवशास्त्राचा विभाग निघाला तो १९६६ साली. १९५८ च्या सुमारास वॉटकिन्स कॅनबेरात दाखल झाला. चहूंकडे मांजरांच्या मज्जारज्जूत काचेच्या सुया रोवून बसलेले वैद्य, आणि त्यांच्यात हा एकटा रसायनज्ञ. लोहाराच्या आळीत एक सोनार येऊन बसावा तसा प्रकार.

त्याची जोडी जमली डेव्हिड कर्टिस या तरुण शास्त्रज्ञाशी. काचेच्या चारपाच नळ्या एकत्र ओढून त्यांचे टोक केसाहून पुष्कळ बारीक करावयाचे, प्रत्येक नळीत वेगळे रसायन भरावयाचे, ते टोक एका मज्जापेशीच्या अंगाशी नेऊन विजेच्या हलक्या धक्क्याने रसायनाचा कण बाहेर सोडावयाचा आणि पेशी काय उत्तर देते ते ऐकावयाचे, अशी ती पद्धत. वॉटकिन्सने रसायन बनवावे, कर्टिसने ते पेशीला द्यावे. एका द्रव्याने पेशी गप्प होते, असे दिसले. मग त्याच कुळातील ग्लुटामेट देऊन पाहिले. पेशी खडबडून जागी झाली. दुसरी पेशी घेतली, तीही. १९५९ साली कर्टिस, फिलिस आणि वॉटकिन्स यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

येथे एक गमतीची गोष्ट घडली, आणि ती लपविण्याचे कारण नाही. हे तिघे त्या वेळी जगातील एका फार मोठ्या शोधाच्या उंबरठ्यावर उभे होते. कारण मेंदूतील बहुतेक उत्तेजक निरोप ग्लुटामेटच्याच हस्ते जातात, हे आज शाळेतल्या पुस्तकात आहे. पण त्यांनी स्वतःच निष्कर्ष काढला की, ग्लुटामेट हा निरोप्या नसावा! कारण काय, तर तो सगळ्याच पेशींना चेतवितो, आणि तो मेंदूत जिकडे तिकडे भरलेला आहे. घरोघरी ज्याचा राबता आहे त्या नोकरावर चोरीचा संशय कोणी घेत नाही, तसे झाले. जपानात हायाशी यांनी कुत्र्याच्या मेंदूवर ग्लुटामेट टाकून झटके आणून दाखविले होते. त्यांचेही म्हणणे बाजूस राहिले. आपल्याच हाती आलेले रत्न आपणच गारगोटी म्हणून ठेवून देण्याचे हे उदाहरण आम्हांला फार मोलाचे वाटते. कारण वॉटकिन्सने ती गारगोटी फेकून मात्र दिली नाही. तो ग्लुटामेटची भावंडे एकामागून एक बनवीत राहिला. त्यांपैकी एकाचे नाव एनएमडीए. हे द्रव्य त्याने कॅनबेरातच बनविले आणि ते ग्लुटामेटहूनही प्रखर निघाले.

१९६५ साली वॉटकिन्स इंग्लंडला गेला. कॅनबेरा सुटले, पण जोडी सुटली नाही. बंगलोर आणि दिल्लीचे निबंध प्रसिद्ध झालेलेच होते. ओडॅपची रचना पाहताच या लोकांच्या ध्यानात आले की, हा चेहरा ओळखीचा आहे. हा तर ग्लुटामेटचाच तोतया. १९६६ साली 'नेचर' या नियतकालिकात वॉटकिन्स, कर्टिस आणि बिस्को यांनी दाखवून दिले की, लाखोरीचे विष मांजराच्या मज्जारज्जूतील पेशींना जोराने चेतविते. बांधीतली निळी फुले आणि कॅनबेराच्या काचेच्या सुया यांची गाठ अशी पडली.

चेतविण्याने पेशी मरते कशी, हे सांगितले अमेरिकेत सेंट लुई येथील जॉन ओल्नी यांनी. १९६९ साली त्यांनी नवजात उंदरांना मोठ्या मात्रेत ग्लुटामेट टोचले, म्हणजे चिनी पदार्थांत घालतात तीच अजिनोमोटो, आणि मेंदूच्या एका भागातील पेशी मेलेल्या दाखविल्या. विहिरीवरची मोटार पाणी नसताना चालत राहिली तर जळते, तसेच पेशीचे होते. अखंड चेतवीत राहिले की ती आपल्याच उष्म्याने संपते. १९७६ साली ओल्नी, मिश्रा आणि री यांनी लाखोरीच्या विषाविषयी हीच गोष्ट सिद्ध केली. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखोरी व ओडॅप चारलेल्या माकडांत रोगाची आरंभीची लक्षणे दाखविली. त्या निबंधाच्या लेखकांत रॉय आहेत, आणि द्विवेदीही आहेत. रीवाच्या गावांतून १९६४ साली काठ्या टेकणारी माणसे मोजणारेच हे द्विवेदी. निबंधाच्या डोक्यावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावून घ्यावी, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो ते याचसाठी.

वॉटकिन्सच्या एनएमडीएची कथा याहून लांब गेली. ज्या कुलपात ही किल्ली बसते त्या कुलपालाच तिचे नाव पडले. ते कुलूप बंद करणारे द्रव्य वॉटकिन्सच्या गटाने पुढे ब्रिस्टल येथे तयार केले. ग्रॅहॅम कॉलिंग्रिज हा ब्रिस्टलचाच जुना विद्यार्थी डॉक्टरेटनंतर कॅनडात व्हँकूव्हर येथे मॅक्लेनन यांच्याकडे पोस्टडॉक म्हणून गेला होता. त्याने ते द्रव्य उंदराच्या मेंदूच्या कापावर वापरले. १९८३ साली केल व मॅक्लेनन यांच्यासह त्याने दाखविले की, हे कुलूप बंद केले तर मज्जापेशींमधला जोड सरावाने पक्का होत नाही. सरावाने जोड पक्का होणे म्हणजेच स्मरणशक्तीचा पाया, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. दोन-तीन वर्षांच्या बोलीवर परमुलखात बसलेल्या तरुणाच्या हातून हे झाले. वृद्धांच्या स्मृतिभ्रंशावर डॉक्टर मेमँटीन नावाची गोळी देतात, तीही याच कुलपावर काम करते.

आता पुन्हा आपल्या देशात येऊ. या रोगात पुरुष अधिक आणि बायका कमी, असे पाहणी करणाऱ्यांनी वारंवार लिहिले होते. पुरुष अधिक खातात, अधिक राबतात, असे त्याचे कारण देत. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांनी म्हैसूरकडे डॉक्टरेट केली, अमेरिकेत पोस्टडॉक म्हणून उमेदवारी केली आणि त्या परत येऊन बंगलोरच्या निम्हान्समध्ये काम करू लागल्या. १९९३ साली पै आणि रवींद्रनाथ यांनी दाखविले की, ओडॅप मज्जापेशीच्या आतील ऊर्जेच्या भट्टीतील एक विकर निकामी करते. पुढे दिवाकर आणि इतर तरुणांसह त्यांना आढळले की, उंदरीण या विषाला उंदरापेक्षा चांगली तोंड देते. तिच्यातील स्त्री-संप्रेरक भट्टीचे रक्षण करणाऱ्या द्रव्याला हात देते. भारतीय विज्ञान संस्थेत २००९ साली मज्जाशास्त्राचे केंद्र निघाले तेव्हा त्याच्या पहिल्या प्रमुख याच बाई होत्या. ज्या संस्थेत १९६४ साली विष वेगळे झाले, त्याच संस्थेत पंचेचाळीस वर्षांनी मेंदूचा विभाग उभा राहिला. त्यात आज नवे सालदार बसले आहेत.

अशा परत येणाऱ्यांची आपल्या राज्यातही उदाहरणे आहेत. मुंबईच्या शुभा टोळे यांनी कॅलिफोर्नियात डॉक्टरेट आणि शिकागो विद्यापीठात पोस्टडॉकची उमेदवारी केली आणि १९९९ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या रुजू झाल्या. गर्भातील मेंदूचे भाग कसे आखले जातात हा त्यांचा विषय. पण परत येऊन जागा मिळालेल्यांची नावे आपण घेतो. बोली संपल्यावर ज्यांना दुसरे घर मिळाले नाही, त्यांची घेत नाही. आठ-दहा वर्षे शिकून, तीनदा बिऱ्हाड हलवून, चाळिशीच्या उंबरठ्यावर धंदा बदलणारी माणसे प्रत्येक देशात आहेत. आमच्या ओळखीचा एक तरुण असा परत आला तेव्हा शेजाऱ्यांनी विचारले, "एवढं शिकून नोकरी नाही?" त्याच्या नावाचे चार निबंध आहेत, हे सांगून शेजाऱ्यांना काय कळणार?

विष सापडण्यापूर्वीच, १९६१ साली, सरकारने लाखोरीच्या विक्रीला बंदी केली होती. बंदी बाजारात झाली, बांधीत झाली नाही. लोक पेरीत राहिले. व्यापारी हरभऱ्याच्या बेसनात आणि तुरीच्या डाळीत तिची भेसळ करीत राहिले. शेतकऱ्याचा माल चोरीचा झाला आणि त्याला भाव चोरीचा मिळू लागला. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे चळवळ चालविली, उपोषणे केली. बंदी योग्य की अयोग्य, यावर जाणत्यांत मतभेद होते, आणि दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसे होती. आमचे मत विचाराल तर, मजुरीत लाखोरी मोजून देणाऱ्याला शिक्षा व्हावयास हवी होती. झाली ती पिकविणाऱ्याला.

खरा उपयोग झाला तो एका रंगाच्या परीक्षेचा. बंगलोरचे ते राव पुढे हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात गेले. १९७८ साली त्यांनी बियांतील ओडॅप रंगावरून मोजण्याची सोपी रीत बसवून दिली. हजारो वाणांतून कमी विषाचे वाण निवडणे तिच्यामुळे आवाक्यात आले. दिल्लीच्या कृषि-संशोधन संस्थेचे 'रतन', रायपूरच्या इंदिरा गांधी कृषि विश्वविद्यालयाचे 'प्रतीक' आणि २००८ चे 'महातिवडा' हे वाण त्या निवडीचे फळ. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने पाहणी केली, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. लाखोरी खाणारी घरे थोडी राहिली आहेत आणि खाण्याचे प्रमाणही उतरले आहे, असे तिच्यात दिसून आले. खुद्द राव यांनी उतारवयात लिहिले की, ओडॅपला आपण गरजेपेक्षा अधिक बदनाम केले. ज्याने आरोपी पकडला त्यानेच पुढे त्याच्या बाजूने चार शब्द बोलावेत, असे शास्त्रात क्वचितच घडते.

रायपूर कोहमाऱ्याच्या याच हमरस्त्यावर पूर्वेला आहे. तिकडचे बी इकडे यावयाला एक रात्र पुरते. अडचण निराळी आहे. लाखोरीच्या फुलांवर मधमाशा बसतात, आणि मधमाशीला धुरा दिसत नाही. एका बांधीत नवे बी, शेजारच्या बांधीत आजीच्या वेळचे बी, असे असले म्हणजे चारपाच हंगामांत नव्याच्या अंगात जुन्याचे विष पुन्हा उतरू लागते. म्हणून मूठभर बी दरसाल प्रयोगशाळेत नेऊन रंग पाहावा लागतो. ते काम कोणी करावयाचे, कोणत्या विभागात, कोणाच्या अनुदानावर आणि किती वर्षांच्या बोलीने, हे अजून ठरावयाचे आहे.